जानापावच्या चढावर भेटलेल्या काकांना

काका, नमस्कार. तुम्ही बजावलं होतंत की नाव कुठे टाकू नकोस, उगाच महूत माझ्या दारापुढे मारुती जिप्सी गाड्यांची लाईन लागेल, म्हणून नाव टाकत नाहीये. पण पत्र सगळ्यांसमोरच लिहितोय, कारण माझ्या जिप्सीचा क्लच नीट करून दिल्याबद्दल समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा पी आधी" म्हणून विषयच बदलता. तुमचा पुतण्या वाचून दाखवेल.

तो ऑगस्टमधला रविवार. जानापावला, महूजवळच्या परशुरामाच्या डोंगरावर, निम्मं इंदूर लोटलेलं, वरून पाऊस, पुढची गाडी दोन हात सरकली की आपण दोन हात सरकायचं, आणि मी शहाणा हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर जिप्सी चढावर धरून बसलेलो. शेवटच्या वळणाआधी वास आला, चुलीत जुनी चप्पल टाकल्यासारखा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन किंचाळतंय पण गाडी जागची हलेना, मागून हॉर्न, बायको विचारतेय आग लागली का, आणि आईने परशुरामाचा धावा सुरू केलेला. कशीबशी मागे घरंगळत बाजूच्या चिखलात घेतली.

तुम्ही टपरीवरून छत्री घेऊन आलात आणि बॉनेट उघडायला सांगाल असं मला वाटलं, तर तुम्ही दार उघडून खाली वाकून मोबाईलच्या उजेडात पॅडलं बघत बसलात. "हे ब्रेकचं रबर बघ, खाचा दिसतायत. हे क्लचचं बघ, टक्कल पडलंय. डावा पाय कायम इथेच ठेवतोस ना?" काय बोलणार? सासरच्या लोकांसमोर (हो, तेही मागे बसलेले) इतका सरळ पकडला गेलेलो आजवर नव्हतो.

मग हाताने पॅडल दाबून दाखवलंत, सुरुवातीचा जो मोकळा प्ले असतो तो शून्य. क्लचची प्लेट झिजत गेली की हा प्ले वाढत नाही, कमी होत जातो, हे मला त्या दिवशी कळलं. केबल ताणलेली, म्हणजे क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं, म्हणजे प्लेट कधी पूर्ण धरतच नव्हती. अर्धा तास गाडी थंड होऊ दिलीत, मग या वयात पोतं टाकून खाली शिरलात आणि पकडीने केबलचा नट सैल केलात. वर टोमणा होताच, "लो गिअर कशाला दिलाय, फोटो काढायला?" फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये टाकल्यावर गाडी चिखलातून अशी निघाली की क्लच घासावा लागलाच नाही. डांबरावर आल्याआल्या पुन्हा टू व्हीलला टाकायला लावलंत, कारण कडक रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि सगळा ताण शाफ्टवर येतो.

खरं तर महिनाभर आधीच एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स गेलाय म्हणून सांगितलं होतं आणि मी ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होतो. तुम्ही तुमच्या दारात सपाट जागेवर हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. चांगला क्लच असता तर इंजिन तिथेच बंद पडलं असतं, आमचं मजेत गुरगुरत राहिलं, म्हणजे गेलेला क्लच, गिअरबॉक्स नव्हे. "एकदाच करायचं हे, खेळ नाही," असं म्हणून चावी काढून घेतलीत.

पुढचे दोन रविवार तुमच्या शेडमध्ये गेले. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असतो, मधला छोटा शाफ्ट सोडला की तो जागेवरच राहतो आणि नुसता गिअरबॉक्स खाली येतो, हे बघून मला उगाचच मारुतीवाल्यांचं कौतुक वाटलं. प्लेट हातात आली तेव्हा रिव्हेटं वर आलेली, ती ज्यावर घासते त्या इंजिनमागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, गोल चरे आणि निळे डाग. फ्लायव्हील सपाट करून घ्यायला खरादवाल्याकडे गेलं. क्रँकच्या मागचं ऑइल सील जरासं ओलं होतं, ते तुम्ही न विचारता बदललंत, "हे शे-दोनशेचं सील वाचवशील आणि नवी प्लेट तेलात भिजवशील." मधलं बारकं बेअरिंगही नवीन.

पण मला आठवतो तो तुमच्या पत्र्याच्या पेटीतला जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, फौजेतल्या तेवीस वर्षांनंतरही जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तो प्लेटमध्ये घालून ती बरोबर मधोमध आणलीत, मग तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळलेत, घाई नाही. त्याआधी नव्या प्रेशर प्लेटवरचं गंज न लागण्यासाठीचं तेल पेट्रोलने पुसलंत, आणि मी ग्रीसच्या हाताने प्लेट उचलली तर असे ओरडलात की समोरचं कुत्रं उठून गेलं. शाफ्टच्या खाचांवर, स्प्लाइनवर, ग्रीस नखाएवढं, जास्त लावलं तर उडून प्लेटवरच जातं, बरोबर ना?

पैसे घेतलेत ते पार्ट्सचे आणि खरादवाल्याचे, पावत्यांसकट. मजुरीचं नाव काढलं तर आईच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी मागितलीत. ती मुरतेय, अजून पंधरा दिवस लागतील असं आई म्हणते.

आता पलासियाच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलला असते, पाय खाली. चढावर हँडब्रेक. दर महिन्याला प्ले बघतो, बायको हसते पण बघतो. परवा भेरू घाट चौघांना घेऊन चढलो, वास नाही काही नाही.

क्लचच्या पॅडलला नवीन रबर लावलंय, खाचा शाबूत आहेत. बरणी घेऊन येईन तेव्हा मोबाईलच्या उजेडात बघून घ्या.

तुमचा,
डाव्या पायाचा गुन्हेगार