रिपोर्ट चांगला आला, तरी गोळी चालूच हवी

महोदय,

मी एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे मिळतात तिथे, समुपदेशक आहे. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) आढळला नाही असा रिपोर्ट हातात पडला की लोक हमखास विचारतात, ‘ताई, आता गोळी बंद करू का?’ कृपया करू नका. औषध विषाणूची वाढ रोखते. पण काही सीडी४ पेशींच्या (या प्रतिकारपेशीच) जनुकांत मिसळून तो निपचित पडून राहतो. हे १९९७ मध्येच दिसून आले. गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो रक्तात परततो.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. गोळ्या नियमित घेऊनही प्रतिकारपेशी पूर्ण शांत होत नाहीत. विषाणूने आतड्याच्या अस्तराला केलेली इजा हे त्याचे एक कारण. ही धग रक्तवाहिन्यांना बाधते. भारतासह १२ देशांतल्या एचआयव्हीबाधितांवरच्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत पिटाव्हॅस्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे हृदय-रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार सुमारे ३५ टक्क्यांनी घटले (२०२३). त्यात सारे चाळिशीपुढचे होते, आणि आमच्याकडे आता त्याच वयाचे रुग्ण वाढताहेत. त्यांचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व्हायरल लोडइतक्याच काटेकोरपणे तपासा. मिश्री लावणाऱ्या बायकांना तंबाखूबद्दलही विचारा. त्या आपणहून सांगत नाहीत.

– एक समुपदेशक, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती)