माल खराब झाला म्हणून गिऱ्हाईक उठत नाही

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, की रील्समध्ये आता निम्मं मशीनने बनवलेलं येतं, कॉमेंटही खऱ्या माणसांच्या वाटत नाहीत, तेव्हा दोन-तीन वर्षांत पोरं आपोआप फोन ठेवून बाहेर पडतील. दुखणं तू बरोबर ओळखलंस. ते आपोआप बरं होईल, हे मात्र मला पटत नाही. हॉस्टेलवर दर आठवड्याला जमायचं तुमचं घाटतंय, म्हणून आत्ताच सविस्तर लिहिते.

माल खराब निघाला की गिऱ्हाईक दुकान बदलतं, हे भाजीबाजारात खरं. वांगं किडकं निघालं की पैसे गेलेले कळतात. फोनवर किडका व्हिडिओ दोन सेकंदांत वर सरकवता येतो आणि पुढचा हजर असतो. पूर्वी दहांत एक बरा निघत असेल आणि आता चाळिसांत एक, तर माणूस शोधणं सोडत नाही. बोट दहाऐवजी चाळीस वेळा फिरतं, एवढंच. कधीतरी लागेल या आशेवरच मटका चालतो. आणि तू किती वेळ थांबलास हे यंत्र मोजतं, समाधानाने थांबलास की चिडून, हे त्याला फारसं कळत नाही.

हे लोकांना कळत नाही असंही नाही. ऑक्सफर्डने 2024 चा शब्द म्हणून 'ब्रेन रॉट', म्हणजे मेंदू कुजणं, निवडला, मेरियम-वेबस्टरने 2025 साठी 'स्लॉप'. स्लॉप म्हणजे मुळात चिखल, पुढे डुकरांना घालायचं खरकटं, आणि आता मशीनने बनवलेला हा टुकार माल. खाणाऱ्यांनीच ताटाला हे नाव दिलं, तरी ताट सोडून कोणी उठलं नाही.

टिकटॉकचं आठव. 29 जून 2020 ला सरकारने बंदी घातली आणि करोडो लोकांच्या हातातलं ॲप गेलं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच रील्स भारतात आलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स. तेव्हा टाळेबंदी होती, बाहेर पडायची सोय नव्हती, हे मान्य. पण टाळेबंदी उठल्यावरही ती मुलं मैदानाकडे वळली नाहीत, नव्या ॲपकडे वळली. एक दार बंद झालं की माणूस शेजारच्या उघड्या दारात शिरतो. ते दुसरं दार मैदानाचं असायला हवं असेल, तर ते कोणीतरी आधी उघडून ठेवलेलं असावं लागतं.

उलटी बाजू पुण्यात दिसते. गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. आयटीतल्या मुली, कॉलेजची पोरं रोज संध्याकाळी नदीकाठी येतात. इंटरनेट स्वस्त आणि चांगलं होतं तेव्हाही येत होती. कारण साधं आहे. वेळ ठरलेली असते, ढोल कमरेला बांधला की एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताने थापी, फोन धरायला हातच उरत नाही. आणि आपण गेलो नाही तर रांगेत जागा रिकामी दिसते, कोणीतरी विचारतं. ठरलेली वेळ, गुंतलेले हात आणि वाट बघणारं माणूस, ही तिन्ही असतील तिथे तरुण माणसं येतात. नेटचा दर्जा काहीही असो.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा. नुसता भोंगा बसवून हे जमलं नाही, सुरुवातीला माणसं दारोदार फिरली. मला यातली सगळ्यांनी एकाच वेळी बंद करण्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एकट्याने फोन ठेवला तर आपण मागे पडलो असं वाटतं, सगळ्यांनी ठेवला तर काहीच बुडत नाही.

इथे आमच्या पिढीचा दोषही लिहायलाच हवा. सोसायटीच्या आवारात 'चेंडू खेळण्यास मनाई' ची पाटी आम्ही लावली. कट्ट्यावर बसलेल्या पोरांना आम्ही हटकलं. आता टर्फवर खेळायचं तर तासाचे पैसे, कॅफेत बसायचं तर कॉफीचे. जिथे फुकट आणि न हटकता बसता येतं अशी एकच जागा तुम्हाला उरली, ती फोनमध्ये. मग तुम्हीच बाहेर येत नाही म्हणून तक्रार करणं बरोबर नाही.

आता तुमच्या गुरुवारच्या बेताबद्दल. वार आणि वेळ एकदाच ठरवा, साडेसहा ते आठ, आणि बदलू नका. असे बेत मोडतात ते बहुधा व्हॉट्सॲपवर 'या आठवड्यात कधी जमेल?' असा पोल टाकल्यामुळे. पोल आला की न येणं हाही एक पर्याय होतो. पहिल्या दिवशी बारा येतील, चौथ्या गुरुवारी तीन. तिथे घाबरू नका. दोघांनी आपसांत ठरवा, की बाकी कोणी आलं नाही तरी आपण बसणार. नुसत्या गप्पांवर भरवसा ठेवू नका, विषय संपला की हात खिशाकडे जातो. हाताला काम हवं, आणि त्याला कॅरमसारखं दुसरं काही नाही. दोन बोर्डांवर आठ जण खेळतात, चार बघतात आणि बघणारेही बोलतातच.

बोर्ड आणाल तेव्हा सोंगट्या मोजून घ्या, 9 पांढऱ्या, 9 काळ्या, 1 क्वीन. स्ट्रायकर 15 ग्रॅमपेक्षा जड नको. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरतं आणि सोंगटी अर्ध्यात अडकते. त्यावर आणखी पावडर टाकू नका, ओलीत ती लगदा होऊन बसते. आधी कोरड्या सुती फडक्याने पुसा, बोर्डावर दोन-अडीच फुटांवर जुना पिवळा बल्ब अर्धा तास लावा, मग चिमूटभर बोरिक पावडर. एलईडी चालणार नाही, त्याला ऊब नसते. बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, वाकतो. खेळ झाल्यावर हात धुवा, ती पावडर पोटात जायला नको.

फोन सगळ्यांचे दाराशी एका डब्यात, रिंग चालू ठेवून. टेबलावर पालथा ठेवलेला फोन चालत नाही, लक्ष तिथेच राहतं. बंद करायला लावलात तर घरून फोन येईल या काळजीने पोरं डब्यात ठेवणारच नाहीत.

उरलेल्या दिवसांसाठी दोनच गोष्टी. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद कर, पहिलं पान जवळजवळ कोरं होतं आणि शोधलंस तेवढंच समोर येतं. आणि गजराचं साधं घड्याळ घे. गजरासाठी फोन उशाशी येतो आणि रात्रीचा एक वाजतो. फॉर्म, फी, यूपीआय सगळं फोनवर आहे, तो पूर्ण सोडायला मी सांगत नाही.

पार्सलमध्ये लाडवांखाली बोरिक पावडरचा डबा आहे, त्यावर नाव लिहिलंय, पिठीसाखर समजू नका. गुरुवारी साडेसहा ते आठ मी फोन करणार नाही. आठनंतर तू कर.

तुझी,
आई