नडगी दुखत असताना पळू नकोस

कराड

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "जरा नडगी दुखते, बाकी ठीक" म्हणालीस आणि विषय बदललास. दिवसभर जिममध्ये बायकांचे गुडघे-घोटे बघणाऱ्या आईला एवढ्यावर झोप लागत नाही. म्हणून लिहिते आहे, नीट वाच.

आज रात्री एक कर. नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्यापासून वरपर्यंत अंगठा दाबत ने. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल आणि पळताना अंग गरम झालं की कमी होत असेल, तर ते तुम्ही मुली ज्याला शिन पेन म्हणता तेच. पण दुखणं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी असेल, रात्री ठणकत असेल किंवा चालतानाही कळ येत असेल, तर पळणं तिथेच बंद आणि सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला गेलेली बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच ग्राउंडवर जाऊ नकोस. डॉक्टर एमआरआय म्हणाले तर करू, पैशांचं मी बघते.

सगळे डांबरी रस्त्याला दोष देतात. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. घरी तू एक दिवसाआड पळायचीस, पोलीस भरतीच्या अकॅडमीत गेल्यागेल्या सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. भार वाढला की हाड आधी जुना भाग झिजवून टाकतं आणि मग तिथे नवं भरतं. झिजवायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. या मधल्या काळात हाड कच्चं असतं आणि नेमका तेव्हाच तुम्ही त्यावर जोर काढता. वेदनाशामक गोळी घेऊन पळायला कुणीही सांगितलं, अगदी सरांनी सांगितलं, तरी ऐकायचं नाही. गोळीने कळ दबते, हाड भरत नाही.

भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, हुकेल ही तुझी भीती मला कळते. पण ५० मार्कांतले २० आठशे मीटरचे, १५ शंभर मीटरचे आणि १५ गोळाफेकीचे. पळणं थांबलं म्हणजे तयारी थांबली असं नाही. दम टिकवायला सायकल मार. चार किलोचा गोळा जागेवर उभी राहून टाक, पाय दुखला नाही तरच. आणि भिंतीला हात टेकून टाचा उचलायचा व्यायाम कर, एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा थोडे वाकवून. गुडघे वाकवले की पोटरीच्या आतला खोल स्नायू कामाला लागतो, आणि पळताना प्रचंड भार तोच घेतो. मुली हा व्यायाम कंटाळवाणा म्हणून सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. परत पळायला लागशील तेव्हा आधी चालत-पळत, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दुखली तर पुन्हा मागे यायचं.

आता जे फोनवर विचारायचं राहिलं ते. पाळी वेळेवर येते ना? जास्त पळणाऱ्या मुलींची पाळी थांबली की त्या "बरं झालं, कटकट गेली" म्हणतात. बाळा, ते बरं नाही. खर्च होतं तेवढं पोटात जात नाही, म्हणून शरीर पाळी बंद करतं, आणि त्याबरोबर हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. वजन कमी करायला तू रात्रीचं जेवण सोडलंस असं तुझी मैत्रीण म्हणाली. ते आजपासून सुरू कर. दोन्ही वेळेला भाकरी, उसळ, अंडी, वर दूध. उसळीवर लिंबू पिळ आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन तपासून घे, १२ च्या खाली असेल तर दम लागण्याचं कारण तिथेच सापडेल.

शनिवारी दुपारच्या एसटीने ये. पळायचे बूट घेऊन ये, तळ कुठे झिजलाय ते मला बघायचं आहे. नाचणीचं पीठ दळून ठेवलंय, जाताना घेऊन जा. सरांशी तू बोलू नकोस, सोमवारी मी फोन करते.

तुझी,
आई