सुध्यास, सॉफ्ट सेलच्या दुसऱ्या अल्बमबद्दल

लीड्स,
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "सॉफ्ट सेलचा दुसरा अल्बम म्हणजे नुसता गळा काढलाय. पहिला कुठे, हा कुठे!" शेजारच्या खोलीत पोरगी झोपली होती, म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण ते मनातून जाईना.

१९८३च्या जानेवारीत हा अल्बम, 'द आर्ट ऑफ फॉलिंग अपार्ट', आला, तेव्हाही मतं अशीच दुभंगली होती. कुणाला तो धाडसी वाटला, कुणाला अती नाटकी, काळाकुट्ट. नाराज झालेल्यांचं मी समजू शकतो. 'टेंटेड लव्ह'पासून गायक मार्क आमंड आणि यंत्रांवरचा डेव्ह बॉल, या दोघांची सलग पाच गाणी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या पाचांत गेली होती, आणि लोकांना सहावंही तसंच हवं होतं. हाती आलं 'व्हेअर द हार्ट इज', घरातच घुसमटणाऱ्या कोवळ्या पोरांचं गाणं. ते २१व्या क्रमांकावर अडलं, त्यानंतरचं 'नंबर्स' २५व्या. अल्बम मात्र पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. म्हणजे ऐकणारे होतेच रे.

मला विचारशील तर सगळ्यात क्रूर परीक्षण त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीने केलं. 'नंबर्स' खपावं म्हणून तिने त्याच्यासोबत 'टेंटेड लव्ह'ची तबकडी फुकट दिली. नवं गाणं एकट्याने उभं राहणार नाही, असं दुकानादुकानांतून सांगितल्यासारखंच झालं ते. मार्क आमंडने कंपनीच्या कचेरीत जाऊन भिंतीवरच्या सोनेरी तबकड्या फोडल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं.

आता तुझा मुद्दा, नाटकीपणाचा. आमंड साउथपोर्टचा, डेव्ह बॉल ब्लॅकपूलमध्ये वाढलेला. दोन्ही समुद्रकाठची करमणुकीची गावं. मी ब्लॅकपूलला नोव्हेंबरात गेलो होतो. समोर झगमगाट, आणि मागच्या गल्लीत ओल आलेल्या खोल्या, बंद खानावळी. त्या दिवशी मला हा अल्बम कळला. 'किचन सिंक ड्रामा'तली बाई गोळ्या घेऊन दिवस ढकलते आणि मनात भलतंच रंगीत आयुष्य जगते. तिचं गाणं मोजून-मापून कसं म्हणणार? आमंडचा आवाज वर जाताना फाटतो, सुरावरून घसरतो, हे खरं. पण तिथेच ती बाई मला ऐकू येते. आणि खाली बॉलची यंत्रं जराही न हलता चालू असतात. त्या थंडपणामुळेच आमंडला एवढं कोसळता येतं.

दोघं भेटले ते इथल्या पॉलिटेक्निकात, कला शिकताना. मी रोज त्या बाजूने जातो. २०२५च्या ऑक्टोबरात बॉल गेले, त्या संध्याकाळी तिथे उगाच थांबलो होतो थोडा वेळ. पाऊस होता.

आज पुष्कळ जाणकार हाच अल्बम त्यांचा सर्वांत चांगला मानतात. पण तू त्यांच्यासाठी मत बदलू नकोस. फक्त दुसरी बाजू एकदा, मध्ये न थांबवता, 'किचन सिंक ड्रामा'पासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐक. मग भांड माझ्याशी. पण पत्रानेच, फोनवर तू फार लवकर ठेवतोस.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
अव्या