मंगळसूत्र: दागिना की धर्मचिन्ह?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शिक्षकांसह काही सरकारी नोकरांना कामावर धर्मचिन्हे घालण्यास बंदी करणाऱ्या २०१९ च्या कायद्यावरील आपला कालचा अग्रलेख वाचला. ‘या कायद्यामुळे कोणाचीही नोकरी गेलेली नाही’ हे वाक्य दुरून लिहायला सोपे आहे. २७ मार्च २०१९ रोजी नोकरीत असलेल्यांना सूट मिळाली हे खरे, परंतु ती सूट त्याच पदापुरती आणि त्याच शाळामंडळापुरती आहे, एवढा तपशील तेवढा आपण गाळलात.

माँट्रियलच्या एका सरकारी शाळेत मी २०१६ पासून गणित शिकवत होते. दोन वर्षांपूर्वी उपमुख्याध्यापकपदाची मुलाखत आटोपून उठत असताना, स्वेटरच्या गळ्यातून डोकावणाऱ्या दोन वाट्यांकडे पाहत मुख्याध्यापकबाईंनी अत्यंत सौजन्याने विचारले, “हे धार्मिक आहे का?” या कायद्यात लहान-मोठे किंवा झाकलेले-उघडे असा भेद नाही; श्रद्धेपोटी घातलेली वस्तू धर्मचिन्ह ठरते, आणि पाहणाऱ्याला ती वाजवीपणे तशी वाटली, तरीही ठरते. भटजी मंत्र म्हणत असताना जे गळ्यात पडले, त्याच्याविषयी मी म्हणाले, “नाही, दागिना आहे.” बाईंनी तसे लिहून घेतले. त्यांच्या स्वतःच्या बोटात चर्चमधल्या लग्नाची अंगठी होती. तिची चौकशी करण्याचे कोणालाच कारण पडले नसावे.

पद मला मिळाले. शेजारच्या वर्गातील माझी हिजाब घालणारी सहकारी अनुभवाने माझ्याहून मोठी आहे, पण तिने अर्जच केला नाही, कारण डोक्यावरचे वस्त्र दागिना असल्याचे सांगण्याची तिला सोय नव्हती. तिची नोकरी गेलेली नाही, हे आपले म्हणणे अक्षरशः खरे आहे.

येथील शाळामंडळे १९९८ पर्यंत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी विभागलेली होती आणि चर्चच्या जुन्या सत्तेविषयी येथील ज्येष्ठांच्या मनात असलेला राग खरा आहे, हे मी नाकारत नाही. तथापि विधानसभेत १९३६ पासून टांगलेला क्रूस २०१९ मध्ये उतरवल्यावर तो वारसा म्हणून त्याच इमारतीत काचेआड मांडला जातो आणि माझ्या सहकारीचे डोके मात्र वारशात बसत नाही, याला तटस्थता म्हणणे मला जमत नाही. अपील न्यायालयाने २०२४ मध्ये कायदा उचलून धरला, असे आपण लिहिता; हक्कांच्या आधारे कायदा रद्द होऊ नये म्हणून कॅनडाच्या हक्कांच्या सनदेला बगल देणारे कलम सरकारने आधीच लावून ठेवले होते, हेही लिहायला हवे होते.

जाता जाता: अग्रलेखासोबतचे छायाचित्र संपूर्ण चेहरा झाकलेल्या स्त्रीचे होते. वाद हिजाब, पगडी, किप्पा (ज्यूंची टोपी) आणि गळ्यातल्या क्रूसाचा आहे. छायाचित्र निवडणाऱ्यांनी अग्रलेख वाचला होता का?

पत्र छापल्यास नाव कृपया देऊ नये. शाळेच्या दप्तरी माझे मंगळसूत्र अद्याप दागिना आहे.

आपली,
एक वाचक, माँट्रियल