जुन्या रोजनिशा रद्दीत घालू नका, आणि लॅमिनेटही करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की रद्दीच्या दुकानांत वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर हाताने लिहिलेल्या वह्याही येऊन पडतात. आजोबांची रोजनिशी, आजीची जमाखर्चाची वही, गिरणीतल्या पाळ्या आणि पगार टिपून ठेवलेली लाँगबुकं. वाडा पाडून अपार्टमेंट बांधायला निघाले की हे प्रमाण आणखी वाढते. जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करणारे आम्ही काही जण म्हणून आपल्या पत्राद्वारे थोडी कामाची माहिती वाचकांपर्यंत पोहोचवू इच्छितो.

सोलापूरचा इतिहास सरकारी दप्तरांत आहेच. १९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण त्या दिवसांत साखर पेठेत ज्वारी काय भावाने मिळत होती, मागावर बसायला माणूस येत होता का, मुलांना घराबाहेर सोडत होते का, हे सांगणारा कागद असलाच तर तो कुणाच्या तरी घरातल्या ट्रंकेत असणार. १९७२ च्या दुष्काळाचे आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाचेही तसेच. अशी वही एकच असते. ती गेली की दुसरीकडून मिळवता येत नाही.

ज्यांना या वह्यांची किंमत कळते, त्यांच्याकडूनही त्यांचे फार नुकसान होते. हे नुकसान मायेपोटी होते, म्हणून ते आधी सांगायला हवे. सर्वांत वाईट म्हणजे लॅमिनेशन. तापलेल्या रुळांतून जाताना प्लास्टिकचा चिकट थर कागदाच्या धाग्यांत उतरतो आणि पुन्हा कधीच सुटत नाही. कागदातले आम्ल आत कोंडले जाते, पान आतल्या आत पिवळे होत राहते आणि पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तरी हात लावता येत नाही. चिकटपट्टीचेही तेच. काही वर्षांत पट्टी गळून पडते, पण तिचा गोंद तपकिरी डाग होऊन अक्षरांवर राहतो. पारदर्शक मऊ प्लास्टिकची कव्हरे बॉलपेनची आणि झेरॉक्सची अक्षरे स्वतःवर ओढून घेतात. रबरबँड उन्हाळ्यात वितळून पुठ्ठ्याला चिकटतो. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या गंजून कागदाला भोके पाडतात. त्या काढताना ओढू नयेत. पिनेचे दोन्ही पाय मागून बोथट चाकूने उभे करावेत, मग पुढून हळूच उचलावे. आणि वही झेरॉक्सला देऊ नये, कारण काचेवर पालथी दाबली की जुनी शिवण तुटते.

आता ठेवण्याच्या जागेबद्दल, कारण सोलापुरात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कोकणासारखी बारमाही ओल नाही, त्यामुळे ‘इथे कागद टिकतो’ असा समज आहे. पण मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा स्लॅबखालचा माळा किंवा पत्र्याखालची खोली त्याहून तापते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की कागदाचा ऱ्हास साधारण दुप्पट वेगाने होतो, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशोब आहे. माळ्यावरची वही घडीवर तुटते, कडांचा भुगा होतो, तो याच उष्णतेने. म्हणून वह्या आधी माळ्यावरून खाली आणाव्यात. घरातली मधली, ऊन न येणारी खोली निवडावी. लोखंडी कपाटाचा मधला खण सर्वांत चांगला. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे असावे आणि मागच्या बाजूला न्हाणीघर नसावे. तळाचा खण जमिनीपासून वीतभर तरी वर असावा. लाकडी कपाटाला वाळवीची भीती असते. जाड वह्या आडव्या ठेवाव्यात आणि एकावर एक तीन-चारच्या वर रचू नयेत.

गुंडाळायला कापडच वापरावे. जुनी दप्तरे रुमालात बांधून ठेवण्याची आपली पद्धत उत्तम आहे. कापडातून हवा खेळते, धूळ अडते आणि अचानक ओल आली तर ती आधी कापडात मुरते. फक्त कापड निवडताना काळजी घ्यावी. लाल रंगाचे कापड ओलसर झाले की रंग सोडते, म्हणून पांढरे सुती मांजरपाट घ्यावे. कोऱ्या मांजरपाटाला कांजी असते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. तीच कांजी कसरीचे, म्हणजे कागद कुरतडणाऱ्या किड्याचे, खाद्य आहे. म्हणून कापड रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात दोनदा धुऊन, नीळ किंवा स्टार्च न देता कडक वाळवावे आणि मगच वापरावे. वहीच्या दोन्ही बाजूंना तिच्याच आकाराचे पुठ्ठे लावून रुमाल बांधला तर कोपरे दुमडत नाहीत. गाठ वहीच्या पाठीवर येऊ देऊ नये, तिथे दाब पडून शिवण सैल होते.

कसर लागलेली वही ओळखणे सोपे आहे. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसतो आणि कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या असतात. आरपार गोल भोके आणि बारीक पीठ दिसले तर ती भुंग्याची अळी. डांबराच्या गोळ्यांनी कसर जात नाही. त्यांचा वास वर्षानुवर्षे राहतो आणि बंद खोलीतली ती वाफ माणसालाही अपायकारक असते. मुंग्यांचा खडू आणि पावडरी पानांत अजिबात टाकू नयेत. कडुनिंबाचा ओला पाला घातला तर पानांवर डाग पडतात. वेखंडाची पोटली ठेवायची असेल तर ती खणाच्या कोपऱ्यात ठेवावी, वहीत नको. किडे मारायचा खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे गारठवणे. वही सुती कापडात गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बंद करावे आणि डीप फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पूर्ण एक दिवस तशीच ठेवावी, नाहीतर थंड कागदावर हवेतली वाफ जमून पाणी होते आणि शाई फुटते.

पाण्यात भिजलेल्या वह्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचे पाणी नदीकाठच्या गावांत घराघरांत शिरले, तेव्हा धान्याबरोबर कागदही भिजले. अशा वेळी पहिले ४८ तास महत्त्वाचे, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. वही उन्हात टाकू नये. उन्हाने बाहेरची पाने आधी सुकून आखडतात आणि आतली ओलीच राहून एकमेकांना चिकटतात. चिंब वही उघडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण ओला कागद स्वतःच्या वजनानेही फाटतो. चिखल लागला असेल तर वही मिटलेली धरून स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवावी, मात्र शाई पाण्याने उतरणारी नसेल तरच. वह्या जास्त असतील आणि हात कमी, तर पिशव्यांत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. बुरशी थांबते आणि एकेक वही सवडीने काढता येते.

वाळवताना वही आडवी ठेवून, जिथे सहज उघडेल तिथे, दहा-बारा पानांनंतर एक टीपकागद सरकवावा. टीपकागद मिळाला नाही तर छापखान्यातला कोरा न्यूजप्रिंट चालतो. छापलेले वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. सगळे टीपकागद मिळून वहीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ देऊ नयेत, नाहीतर पाठ उलते. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी ते बदलावेत. खोलीत पंखा चालू असावा, पण त्याचा झोत पानांवर थेट नको. पान गालाला लावून पाहावे. थंड लागले तर आत ओल आहे. पूर्ण वाळल्यावर वही दोन फळ्यांमध्ये ठेवून रात्रभर वजन ठेवावे. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नये, ती पसरते. आधी वाळू द्यावे, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने पाठीकडून कडेकडे झाडावे.

फाटलेले पान जोडायचे असेल तर आधी शाई तपासावी. ओलसर कापसाचा बोळा एखाद्या कोपऱ्यातल्या टिंबाला लावून पाहावा. पूर्वीची टाकाने लिहिलेली काजळीची काळी शाई उजेडाने फिकी होत नाही, पण ती डिंकात घोटलेली असल्याने पाण्याने सुटू शकते. फाउंटन पेनची निळी शाई तर दोन्हींनी जाते. शाई टिकत असेल तर खळ वापरावी: एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, गाळून, गार केलेली. बाइंडर मंडळी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते इथे घालू नये. त्यातले तांबे काही वर्षांत कागद तपकिरी आणि ठिसूळ करते. चिकटवायला पातळ जपानी टिश्यू कागद उत्तम. त्याची पट्टी कात्रीने कापू नये. ओल्या ब्रशने रेघ मारून ती फाडावी, म्हणजे कडेला धागे सुटतात आणि जोड उठून दिसत नाही. पट्टीला अगदी थोडी खळ लावून ती फाटीवर बसवावी, वर-खाली बटर पेपर आणि टीपकागद ठेवून वजन द्यावे. पाठ सुटलेली किंवा भुगा होत असलेली वही घरी दुरुस्त करू नये, ती जाणकाराकडेच न्यावी.

फोटो काढून ठेवणे आता प्रत्येकाला शक्य आहे. सकाळच्या वेळी खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असे बसावे आणि फ्लॅश बंद ठेवावा. वही पूर्ण सपाट उघडण्याचा आग्रह धरू नये. एका बाजूच्या पुठ्ठ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, म्हणजे पाठीवर ताण येत नाही. एका फोटोत एकच पान, मोबाइल पानाला समांतर, चारही कडा दिसतील असा. स्कॅनिंगच्या अॅपमधला काळा-पांढरा पर्याय वापरू नये, त्यात पेन्सिलची अक्षरे आणि फिकी शाई गायब होते. कोरी पानेही घ्यावीत. पानांत ठेवलेली एसटीची तिकिटे, पावत्या, औषधाच्या चिठ्ठ्या आधी जागच्या जागी टिपाव्यात, मग वेगळ्या पाकिटात घालून त्यावर पेन्सिलने पान क्रमांक लिहावा. फाइलच्या नावात वर्ष, लिहिणाऱ्याचे नाव आणि पान क्रमांक हवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह कपाटात टाकून निर्धास्त राहू नये, वर्षातून एकदा उघडून पाहावा.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे, आणि तिला वेळ फार थोडा उरला आहे. कुणाची रोजनिशी तेलुगूत, कुणाची कन्नडमध्ये, कुणाची उर्दूत, तर जुन्या व्यापारी घरांतली कीर्द-खतावणी मोडी लिपीत. नातवंडे मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत शिकलेली. अक्षर ओळखणारे एखादेच थोरले माणूस घरात उरलेले असते. त्यांना वही मोठ्याने वाचायला सांगावे आणि आवाज रेकॉर्ड करावा, पानाचा आकडा आधी उच्चारून. ‘आक्का’, ‘दादा’, ‘चाळीतले मामा’ म्हणजे नेमके कोण, हे त्याच बैठकीत विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. वहीवर पेनाने काही लिहू नये. मोडीसाठी प्रशिक्षण घेतलेले वाचक मिळतात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेत आले आहे.

जे आज रोजनिशी लिहितात, त्यांनी दोऱ्याने शिवलेली वही घ्यावी. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पाने दोन-तीन उन्हाळ्यांत सुटतात. पाण्यात न उतरणारी पिगमेंट शाई किंवा साधी पेन्सिल वापरावी. पेन्सिल दोन्हींत जास्त भरवशाची. शिवणीकडे दोन बोटे समास सोडावा. तारखेत वर्ष पूर्ण लिहावे आणि माणसाचा उल्लेख पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण नाव. नळाला पाणी किती दिवसांनी आले, ज्वारीचा भाव, पाऊस कधी पडला, गड्ड्याच्या जत्रेला कोण आले होते, असल्या नोंदी क्षुल्लक वाटतात. वाचणाऱ्याला पुढे त्याच हव्या असतात. मोबाइलवर लिहिणाऱ्यांनी दरवर्षी सगळे छापून बांधून ठेवावे.

शेवटी एक मागणी. घर लहान, मुले परगावी, सांभाळायला कुणी नाही, अशा कुटुंबांनी वह्या द्यायच्या कुणाला? हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांनी आणि सोलापूर विद्यापीठाने खासगी रोजनिशांसाठी एक कपाट राखून ठेवावे. वही स्वीकारताना लेखी करार करावा: मूळ वही ठेव म्हणून आहे की दान, किती वर्षे कुणाला दाखवायची नाही, छापायची झाल्यास परवानगी कुणाची. वही संस्थेला दिली म्हणून त्यातल्या मजकुराचा हक्क आपोआप संस्थेकडे जात नाही, हेही त्यात स्पष्ट असावे. घरातले आजार, वाटण्या, भांडणे यांची पाने असतात, आणि ती लगेच उघडी होतील या भीतीनेच पुष्कळ वह्या जाळल्या जातात. वीस-पंचवीस वर्षे मोहोरबंद ठेवण्याची सोय मिळाली तर लोक त्या आणून देतील. आपल्या पत्रानेही दिवाळीच्या आधीच्या रविवारच्या अंकात याबद्दल चार ओळींचे आवाहन छापावे, ही विनंती.

आपले नम्र,
जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, सोलापूर