समित्या कमी करण्यापूर्वी त्यांची इतिवृत्ते वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील नागरिक सल्लागार समित्यांची फेररचना करण्याचा प्रस्ताव महापालिकेपुढे आल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. समित्यांची संख्या निम्म्यावर आणावी, मिळत्याजुळत्या विषयांच्या समित्या एकत्र कराव्यात आणि वर्षभरातील सभा कमी कराव्यात, असा त्या प्रस्तावाचा आशय आहे. अशा एका समितीवर मी सहा वर्षे विनामानधन काम केले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. फेररचनेला माझा विरोध नाही. ती यापूर्वीच व्हायला हवी होती. मात्र समित्या निष्प्रभ का ठरतात, याचा शोध न घेता केवळ त्यांची संख्या घटवली, तर आज वीस समित्यांच्या शिफारशी दफ्तरी दाखल होतात, उद्या दहांच्या होतील.

आमची समिती पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली होती. एका रुग्णालयासमोरच्या चौकात रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ मिळत नाही, अशी तक्रार आली, तेव्हा समितीतील एक निवृत्त सर्वेक्षक सलग तीन दिवस सकाळी तिथे जाऊन उभे राहिले. वहीत त्यांनी दोन रकाने आखले होते. एकात पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा किती सेकंद राहिला त्याची नोंद, आणि दुसऱ्यात काठी किंवा वॉकर घेऊन निघालेली व्यक्ती समोरच्या पदपथावर किती सेकंदांनी पोहोचली त्याची. बहुतेक ओळींत दुसरा आकडा मोठा होता. सिग्नलची वेळ वाढवावी, अशी शिफारस आम्ही एकमताने केली व ती इतिवृत्तात आली. पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय मंजूर झाला आणि शिफारस तिथेच थांबली. त्यानंतरच्या दोन सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. तिसरी भरली तोवर संबंधित विभागाचे अधिकारी बदलले होते, आणि नव्या अधिकाऱ्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला, की ही शिफारस आमच्या विभागाकडे कोणत्या जावक क्रमांकाने पाठवली होती? तिला जावक क्रमांकच नव्हता. इतिवृत्ताची प्रत विभागाकडे कोणी पाठवायची, हे नियमांत कुठेही लिहिलेले नव्हते. पुढे त्या सर्वेक्षकांनी सभांना येणे बंद केले, आणि त्यांना या म्हणून आग्रह करण्याचे धैर्य मला झाले नाही.

म्हणून फेररचनेच्या ठरावात सर्वांत आधी यावा असा नियम एकच आहे. समितीने केलेली प्रत्येक शिफारस सदस्य सचिवांनी सात दिवसांत संबंधित विभागाकडे क्रमांकासह पाठवावी, आणि विभागाने नव्वद दिवसांत लेखी उत्तर द्यावे. शिफारस मान्य असेल तर अंमलबजावणी केव्हापर्यंत होईल ते सांगावे, अमान्य असेल तर कारण द्यावे. समितीचा सल्ला प्रशासनावर बंधनकारक करा, असे मी म्हणत नाही. निवडून आलेले लोक आणि त्यांना उत्तरदायी असलेले प्रशासन यांनीच अखेर निर्णय घ्यायचा आहे. परंतु सल्ला नाकारण्याचा अधिकार आणि उत्तरच न देण्याची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेल्जियमच्या पूर्व भागातील जर्मनभाषक समुदायाच्या संसदेने २०१९ मध्ये कायमस्वरूपी नागरिक परिषद स्थापन केली, तेव्हा हाच फरक लक्षात घेतला होता. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २४ नागरिकांची ही परिषद विषय ठरवते, त्या विषयावर तशाच पद्धतीने निवडलेले दुसरे नागरिक एकत्र बसून शिफारशी करतात, आणि त्या फेटाळायच्या असतील तर संसदेला कारणे द्यावी लागतात. तिथली लोकसंख्या एक लाखही नाही. त्यामुळे ही व्यवस्था केवळ मोठ्या आणि सधन महानगरांनाच परवडते, असे म्हणता येणार नाही.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासिकेने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. केवळ शिक्का उमटवण्यासाठी नेमलेल्या सल्लागार समित्यांना तिने त्या शिडीत अगदी तळाच्या पायरीवर ठेवले होते. नागरिकांना खुर्ची द्यायची, पण निर्णयापर्यंत त्यांचा शब्द पोहोचू द्यायचा नाही, या पद्धतीचे तिने केलेले वर्णन वाचताना मला आमचे सभागृह आठवते.

गणपूर्तीचा प्रश्नही समजून घ्यायला हवा, कारण ‘सभाच होत नाहीत’ हे समित्या बंद करण्याचे मुख्य कारण म्हणून पुढे केले जात आहे. आमच्या पंधरा जागांपैकी पाच जागा बराच काळ रिक्त होत्या. गणपूर्ती मात्र पंधराच्या हिशेबाने, म्हणजे आठ धरली जात असे. उरलेल्या दहांपैकी तिघे आले नाहीत की सभा तहकूब. सभेची वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची, म्हणजे नोकरी करणाऱ्याने रजा घ्यायची आणि दुकान चालवणाऱ्याने दुकान बंद ठेवायचे. गणपूर्ती भरलेल्या जागांवर मोजा, रिक्त जागा साठ दिवसांत भरा, सभा संध्याकाळी घ्या आणि त्यानंतर उपस्थिती पाहा. शिवाय सदस्य सचिव हे काम आपल्या मूळ पदाचा भार सांभाळून करतात. आमच्या सचिवांकडे आणखी चार समित्या होत्या. इतिवृत्त दोन महिन्यांनी हाती येई, यात त्यांचा दोष नव्हता. समित्या कमी केल्याने सचिवांवरील भार हलका होणार असेल, तर प्रस्तावातील तेवढा भाग मला मनापासून मान्य आहे.

एकत्रीकरण कुठे करावे, याबद्दलही थोडे लिहिते. उद्याने आणि वृक्षसंवर्धन या विषयांवरील समित्या एकाच जागेसंबंधी परस्परविरोधी शिफारशी करत असतील, तर त्या खुशाल एक कराव्यात. ज्या समितीचे मूळ काम पूर्ण झाले आहे, ती आभार मानून विसर्जित करावी. परंतु अपंग व्यक्तींसाठीची समिती ‘समाजकल्याण’ अशा एका मोठ्या समितीत विलीन करण्याची सूचना मला गंभीर चूक वाटते. पदपथाचा उतार, बसची पायरी, कार्यालयाचे दार, संकेतस्थळ अशा प्रत्येक ठिकाणी त्यांचा विषय उभा राहतो, आणि मोठ्या समितीच्या विषयपत्रिकेत त्याला शेवटची पंधरा मिनिटे मिळतील. ही समिती स्वतंत्र ठेवून तिचा एकेक सदस्य वाहतूक, बांधकाम आणि उद्याने या समित्यांवर घेणे अधिक उपयोगाचे ठरेल. ज्या समित्या कायद्याने आवश्यक आहेत, त्या तर ठरावाने हटवताच येत नाहीत. आपल्या देशात ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. त्यांची आणि केवळ ठरावाने नेमलेल्या समित्यांची यादी वेगवेगळी असायला हवी.

सल्ला केव्हा मागितला जातो, यालाही तितकेच महत्त्व आहे. आमच्यापुढे आराखडे येत, तेव्हा निविदा निघालेल्या असत. न्यूयॉर्कमध्ये ५९ कम्युनिटी बोर्ड आहेत, आणि त्यांवर प्रत्येकी ५० पर्यंत सदस्य वेतनाशिवाय काम करतात. जमीनवापरातील अनेक मोठे बदल अंतिम निर्णयाआधी, ठरलेल्या टप्प्यावर या बोर्डांपुढे येतात. त्यांना ६० दिवसांत मत द्यायचे असते, आणि ते मत बंधनकारक नसते. सदस्यांची मुदत दोन वर्षांची असून दरवर्षी निम्म्या जागांवर नेमणुका होतात, त्यामुळे जुने जाणते आणि नवे लोक एकत्र काम करतात. सलग चार मुदतींची मर्यादा तिथे २०१८ च्या मतदानाने आली. आपल्याकडे सगळ्या सदस्यांची मुदत एकाच दिवशी संपते आणि नवी समिती पहिल्या पानापासून सुरुवात करते. मी बाहेर पडले, तेव्हा सर्वेक्षकांची ती सिग्नलच्या नोंदींची वही कोणाकडे द्यायची, हेही कोणी सांगू शकले नाही. ती आजही माझ्याकडे आहे.

प्रस्ताव मतदानाला येण्यापूर्वी प्रशासनाने प्रत्येक समितीच्या गेल्या तीन वर्षांतील शिफारशी, त्या कोणत्या विभागाकडे कोणत्या दिवशी गेल्या आणि त्यांना काय उत्तर मिळाले, याचा तक्ता प्रसिद्ध करावा. तो तयार करण्यास अवधी लागणार असेल, तर मतदान एका महिन्याने पुढे ढकलावे, अशी माझी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून सर्व लोकप्रतिनिधींना विनंती आहे.

आपली,
एक माजी समिती सदस्य